न भाजता थापायची चक्का-सीताफळाची वडी

दसरा जवळ आला की लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरच्या बाजारात सीताफळांच्या पाट्या दिसू लागतात. बालाघाटाच्या डोंगररांगा या भागातून गेल्या आहेत आणि त्यांच्या मुरमाड, कमी पाण्याच्या उतारांवर सीताफळाचे झाड कुणी न लावता उगवते, कुणी न शिंपता जगते. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या धारूर भागातल्या सीताफळाला ‘बीड सीताफळ’ या नावाने २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाईला सीताफळाचे संशोधन केंद्रही आहे. फळ एकदम येते, दोन-चार दिवसांत पिकून मऊ पडते, आणि तरीही घरोघरी त्याचे फारसे काही केले जात नाही. नुसते खायचे, फार तर दुधात कालवायचे.

याचे कारण फळातच आहे. सीताफळाचा गर साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे तापला की कडवट होऊ लागतो. मुरंबा, जॅम, आटवून केलेली बर्फी हे सगळे मार्ग तिथेच अडतात. म्हणूनच जाणत्या बायका सीताफळाची बासुंदी करताना दूध आटवून, पूर्ण गार करून, मगच गर घालतात. ज्या फळाला आच सोसत नाही, त्याला आच न लावता जमणारा पदार्थ हवा. असा एक पदार्थ परदेशातल्या घरांत कित्येक पिढ्या होत आला आहे. तो आपल्याकडे सीताफळावर करून पाहण्यासारखा आहे, आणि त्यासाठी लागणारी मुख्य गोष्ट अहमदपूरच्या प्रत्येक घराला माहीत आहे, ती म्हणजे चक्का.

मूळ पदार्थ असा. खाली बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून थापायचा, त्यावर क्रीम चीज, साखर आणि फळे यांचा जाड थर द्यायचा, गार जागी घट्ट होऊ द्यायचा आणि वड्या पाडायच्या. ओव्हन लागत नाही, अंडे लागत नाही. १९२० आणि १९३० च्या दशकांत अमेरिकेत घरगुती फ्रिज पसरू लागले, तेव्हा नुसत्या गारव्यावर जमणाऱ्या गोड पदार्थांची तिथे मोठी चाल सुरू झाली. पुढे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या घरांत हीच तऱ्हा ‘स्लाइस’ म्हणून रुजली. त्यातली क्रीम चीज न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी विल्यम लॉरेन्स या दूधव्यावसायिकाने १८७० च्या दशकात बनवायला सुरुवात केली आणि १८८० मध्ये तिला ‘फिलाडेल्फिया’ हे नाव मिळाले. दुसरा जुना साथीदार म्हणजे गोड आटीव दूध. गेल बोर्डेन याला दूध आटवण्याच्या रीतीचे पेटंट १८५६ मध्ये मिळाले. आटीव दुधात लिंबाचा रस ढवळला की ते आचेशिवाय दाट होते. दुधातले केसिन हे प्रथिन आंबटपणामुळे एकमेकांना धरू लागते म्हणून.

हे वाचताना श्रीखंड करणाऱ्या कुणालाही ओळखीचे काही सापडेल. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. दुधाचा सामू ४.६ च्या आसपास उतरला की केसिनच्या कणांवरचा विद्युतभार मावळतो, ते एकमेकांपासून दूर राहायचे सोडतात, त्यांची जाळी तयार होते आणि दही लागते. ते फडक्यात बांधून टांगले की जाळीतले पाणी गळून जाते आणि चक्का उरतो. जर्मनीतली ‘क्वार्क’, अरबांचे ‘लबने’ आणि आपला चक्का ही एकाच कुळातली मंडळी. हे नाते कारखान्यातही दिसते. बडोद्याच्या ‘सुगम’ डेअरीत श्रीखंड मोठ्या प्रमाणावर बनू लागले, तेव्हा फडक्यांच्या जागी यंत्र आले ते क्वार्क वेगळी करण्याचे.

आपल्या भागाला तर चक्क्याची ओळख फार जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातल्या ‘अन्नभोग’ या भागात राजाच्या जेवणाचे बारीक वर्णन आहे आणि दह्यातले पाणी काढून त्यात साखर घालून केलेली शिखरिणीही त्यात येते. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत अहमदपूर तालुका त्याच बिदर जिल्ह्यात होता.

मग क्रीम चीजच्या जागी चक्का घातला की काम झाले का? पाककृती सांगणारे बरेच जण तसे सांगतात, आणि मग वडी ताटात पाणी सोडते, कापताना ओघळते. इथे आकडे पाहिले पाहिजेत. अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे क्रीम चीजमध्ये स्निग्धांश निदान ३३ टक्के हवा आणि पाणी ५५ टक्क्यांहून जास्त चालत नाही. आपल्याकडे चक्क्यासाठी एकूण घन पदार्थ किमान ३० टक्के आणि त्या घन पदार्थांत स्निग्धांश किमान ३३ टक्के, असे मानक आहे. म्हणजे पूर्ण वजनात स्निग्धांश दहा टक्क्यांच्या आसपासही असू शकतो आणि पाणी सत्तरपर्यंत. फ्रिजमध्ये क्रीम चीज घट्ट होते ती मुख्यतः लोणी गारठल्यामुळे. चक्क्यात तेवढे लोणीच नसते. वर साखर घातली की ती प्रथिनांच्या जाळीतले पाणी ओढून घेते. श्रीखंडात साखर मिसळल्यावर चक्का सैल पडतो, तो यामुळेच. श्रीखंड वाटीत खायचे असते म्हणून तिथे ते खपते. वडी मात्र आपल्या पायांवर उभी राहिली पाहिजे.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करायचे. पहिला, चक्का कोरडा करायचा. दुसरा, गेलेला स्निग्धांश परत द्यायचा, म्हणजे ताजे, बिनमिठाचे पांढरे लोणी घालायचे. पाचशे ग्रॅम चक्क्यात शंभर ग्रॅम लोणी फेटले की त्या मिश्रणातला स्निग्धांश वीस टक्क्यांच्या वर जातो. क्रीम चीजइतका तो होत नाही, आणि तो तेवढा व्हावा असे मला वाटतही नाही. सीताफळाचा वास फार नाजूक असतो, जास्त लोण्यात तो बुडतो.

चक्का चांगला व्हायचा तर दुधापासून सुरुवात करावी लागते. लातूर, नांदेड आणि बिदर हा देवणी गोवंशाचा मुलूख. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला शेवरा, काळ्या गालांचा वानेरा आणि जवळजवळ स्वच्छ पांढरा बाळंक्या असे तिचे तीन प्रकार जुने शेतकरी अजून ओळखतात. देवणी गायीचे दूध पिण्याला उत्तम. चक्क्यासाठी मात्र म्हशीचे दूध घ्यावे, असे माझे मत आहे. त्यात स्निग्धांश सहा-सात टक्के असतो, केसिनही जास्त, त्यामुळे दही घट्ट लागते आणि चक्का जास्त पडतो. गायीच्या दुधाचे दही मऊ असते, त्यातून पाणी जास्त गळते आणि तेवढेच दूध घेऊन हाती कमी लागते.

दूध उकळून, कोमट करून विरजावे आणि दही आंबट होण्याआधी फडक्यात घ्यावे. पातळ मलमलीचा पंचा भिजवून, पिळून घेतला की त्याला दही चिकटत नाही. आठ-दहा तास टांगावे. दिवाळीच्या थंडीत स्वयंपाकघरात खुंटीला टांगले तरी चालते. चैत्र-वैशाखात नाही. अहमदपूरला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, अशा हवेत जिवाणू थांबत नाहीत आणि सकाळपर्यंत चक्का तोंड वाकडे करायला लावील इतका आंबट होतो. उन्हाळ्यात चाळणीत पंचा पसरून, खाली पातेले ठेवून, दही फ्रिजमध्येच निथळवावे. रात्र सरली की पुरचुंडीवर पाटा किंवा जड तांब्या ठेवून आणखी तासभर दाब द्यावा. बोट लावल्यावर ओल न लागता फक्त पांढरा ठसा उमटला, म्हणजे चक्का वडीला तयार.

आता वडीला धरून ठेवणारी गोष्ट. परदेशी कृतीत बहुतेक वेळा जिलेटिन असते. ते जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून करतात, त्यामुळे माळकऱ्याच्या, लिंगायताच्या किंवा जैनाच्या घरात त्याचा प्रश्नच येत नाही. पण ते घालणे ज्याला चालते, त्यालाही मराठवाड्यात ते घालू नये असेच मी सांगेन. जिलेटिनची जेली ३० ते ३५ अंशांच्या आसपास वितळते. तिकडच्या थंड देशांत हा गुण ठरतो, कारण तोंडात घातले की विरघळते. इकडे ते ताटातच विरघळते.

याच कारणामुळे विज्ञानाच्या इतिहासात एक सुंदर गोष्ट घडून गेली आहे. १८८० च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कोख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू जिलेटिनच्या थरावर वाढवत. उष्ण दिवसांत तो थर पातळ व्हायचा आणि काही जिवाणू तर जिलेटिनच खाऊन टाकायचे. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी अगार सुचवले. उन्हाळ्यातही न वितळणाऱ्या जेली त्या घरी अगार घालून करत, आणि अगारची ही ओळख त्यांना जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून झाली होती. १८८२ मध्ये कोख यांनी क्षयरोगाच्या जिवाणूवरचे संशोधन मांडले, त्यात अगारचा उल्लेख आहे. आजही जगभरच्या प्रयोगशाळा त्यावरच चालतात. एका बाईच्या स्वयंपाकातल्या जाणतेपणाने वैद्यकाला एवढे मोठे साधन दिले, हे शाळेच्या पुस्तकात ठळक छापायला हवे.

अगार म्हणजे आपल्या किराणा दुकानातले चायना ग्रास. समुद्रातल्या लाल शेवाळापासून ते करतात आणि पांढऱ्या काड्यांच्या किंवा पुडीच्या रूपात मिळते. मराठवाड्यात ते नवे नाही. रमजानच्या महिन्यात मुस्लिम घरांतून दुधात चायना ग्रास आटवून, ताटात ओतून, गार करून चौकोनी काप पाडतात. न भाजलेल्या, आपोआप जमणाऱ्या वडीची ही आपल्याच गल्लीतली रीत आहे.

चायना ग्रासचा स्वभाव मात्र समजून घेतला पाहिजे. ते विरघळायला पाणी चांगले उकळावे लागते, आणि एकदा विरघळले की ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान जमते. जमल्यावर पुन्हा वितळवायचे तर ८५ अंशांपर्यंत तापवावे लागते. म्हणून मेच्या दुपारी वीज गेली तरी त्याची वडी उभी राहते. पण याच स्वभावामुळे बहुतेकांची पहिली वडी फसते. उकळते चायना ग्रास फ्रिजमधल्या गार चक्क्यात ओतले की ते लागलीच जमून त्याचे दाणे होतात, आणि ते दाणे कितीही फेटले तरी मोडत नाहीत. दुसरी काळजी आंबटाची. चायना ग्रास दह्यात किंवा लिंबाच्या रसात उकळू नये, आंबटात उकळले की त्याची पकड तुटते. साध्या पाण्यातच उकळावे.

साहित्य आता सांगते. साधारण वीस सेंटिमीटर लांब-रुंद ताटासाठी चक्का ५०० ग्रॅम, पांढरे लोणी १०० ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, बिया काढलेला सीताफळाचा गर २५० ग्रॅम, चायना ग्रास ७ ग्रॅम आणि पाणी २०० मिलीलिटर. तळाच्या थराला मारी बिस्किटांचा चुरा १५० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट ५० ग्रॅम, वितळवलेले लोणी ८० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. मूळ कृतीत शेंगदाणे नसतात. पण आपल्या कुटाचा खमंगपणा नुसत्या बिस्किटांना येत नाही. सगळेच कूट मात्र घालू नये, कारण शेंगदाण्याचे तेल फ्रिजमध्येही पुरते थिजत नाही आणि थर भुसभुशीत राहतो. तुपावर करायचे असेल तर साठ-पासष्ट ग्रॅम पुरे. लोण्यात थोडे पाणी असते, तुपात ते नसते.

चुरा, कूट आणि लोणी कालवून ताटात वाटीच्या बुडाने दाबून थापावे आणि ताट गार करायला ठेवावे. गर काढताना मिक्सर अजिबात लावू नये. सीताफळाच्या बिया विषारी असतात, त्यांच्या पुडीचा कीटकनाशक म्हणून उपयोग होतो. मिक्सरच्या पात्याने बी फुटली तर गर कडू होतो आणि खाण्याजोगाही राहत नाही. मोठ्या भोकांच्या चाळणीवर गर हाताने फिरवावा, बिया आपोआप वर राहतात. काम वेळखाऊ आहे, पण त्याला पर्याय नाही.

चक्का पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढावा म्हणजे गुठळी राहत नाही. लोणी मऊ असताना पिठीसाखरेबरोबर फेटावे आणि चक्का थोडा थोडा घालत जावे. हे भांडे कोमट पाण्याच्या परातीत ठेवून मिश्रण अंगाच्या उबेइतके होऊ द्यावे. तोवर पाण्यात पाव तास भिजलेले चायना ग्रास मंद आचेवर उकळावे. एकही काडी दिसेनाशी होऊन पाणी नितळ झाले की उतरवावे. उकळी बसली, पण भांड्याला हात लावता येत नाही, अशा वेळी ते चक्क्यात धारेने सोडत फेटावे. सगळ्यात शेवटी सीताफळाचा गर. तो फ्रिजमधून काढलेला नसावा. चक्क्यात मिसळून चायना ग्रास चाळीस-पंचेचाळीस अंशांवर आलेले असते, म्हणजे गर कडवट होण्याइतके गरम नाही आणि अजून जमलेलेही नाही. ही वेळ दोन-तीन मिनिटांचीच असते. गर मिसळताच थापलेल्या थरावर ओतून ताट आपटून सारखे करावे.

चायना ग्रास तासाभरात धरते. खालचा थर आणि लोणी पुरते गारठायला मात्र चार-पाच तास फ्रिज हवा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एका दाबात कापावे.

सीताफळाचा हंगाम सरला की दुसरी फळे आहेत, पण सगळी सारखी वागत नाहीत. उन्हाळ्यात मराठवाड्याचा केशर आंबा यात फार छान लागतो. त्याचा रस पातळ असेल तर थोडा आटवून, कोमट करून घालावा, आंब्याला आचेचे भय नाही. पेरूचा गाळलेला गर चालतो. डाळिंबाचे दाणे वरून पेरावेत. अर्धापूरची केळी गोड असतात, पण हवेने काळी पडतात, म्हणून ती वडीत घालू नयेत.

पपई, अननस, किवी आणि ताजे अंजीर यांपासून मात्र सावध राहावे. या फळांत प्रथिने तोडणारी विकरे असतात, पपईत पपेन, अननसात ब्रोमेलेन, किवीत अ‍ॅक्टिनिडिन, अंजिरात फिसिन. जिलेटिन हे प्रथिनच, त्यामुळे अशा फळांबरोबर ते जमतच नाही. चायना ग्रास प्रथिन नसल्यामुळे जमते, पण विकरे चक्क्यातल्या केसिनवर काम करतच राहतात आणि त्या तुटलेल्या तुकड्यांची चव कडू असते. ताजा अननस घातलेले श्रीखंड दुसऱ्या दिवशी कडवट का लागते, त्याचे उत्तर हेच. उकळल्यावर ही विकरे निकामी होतात, म्हणून डबाबंद अननस खुशाल घालावा. परदेशातल्या जुन्या कृतींत डब्यातलीच फळे सांगितलेली असतात ती उगाच नाही. डबा भरताना दिलेल्या उष्णतेने फळ निरुपद्रवी झालेले असते.

वड्या झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये तीन दिवस चांगल्या राहतात. चौथ्या दिवशी तळाचा थर ओलसर होतो. डीप फ्रीजरमध्ये ठेवू नयेत. गोठताना पाण्याचे खडे चायना ग्रासची जाळी फाडतात आणि वडी बाहेर काढली की पाणी सुटते.

एक आग्रहाची विनंती. चक्का टांगल्यावर खाली साठलेले हिरवट झाक असलेले पाणी मोरीत ओतू नका. ती झाक रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाची आहे, आणि त्या पाण्यात दुधातली विरघळलेली प्रथिने, कॅल्शियम आणि थोडी साखरही उतरलेली असते. त्यात ज्वारीचे पीठ भिजवून धपाटी करा किंवा बेसन लावून कढी करा. ते पाणी झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते.